झाडू कुणाच्या टेबलावर

माझ्या टेबलावर झाडू ठेवला होता. उभा. लॅपटॉपला टेकवून. दांड्याला लाल रिबन बांधलेली.

मी पाठीवरची बॅग उतरवलीसुद्धा नव्हती. सगळी टीम खुर्च्या फिरवून माझ्याकडे बघत होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

आमच्या ऑफिसातली ही पद्धत. बंगळूरच्या मारतहळ्ळीला रिंग रोडवर काचेची इमारत आहे, तिथे आम्ही मोबाइलची ॲप बनवतो. ज्याच्या चुकीने ॲप अडेल त्याच्या टेबलावर दिवसभर झाडू. त्याने तो हातात धरून फोटो काढून घ्यायचा. फोटो ग्रुपवर जातो, सगळे हसतात. ज्यांनी याआधी धरला, त्यांनाही हसता आलं. त्यांच्या घरी झाडू दाराआड असतो.

माझी आई निपाणीत नगरपालिकेची सफाई कामगार आहे. आजीही तेच करायची. मी शाळेला निघायची तेव्हा आई चौकात खराटा मारत असायची. बरोबरच्या पोरी मला कोपराने ढोसायच्या, "बघ, बघ, तुझी आई." त्या चौकातून लांब जायचं म्हणून मी शिकले. त्यासाठीच बंगळूरला आले.

आमचा टीम लीड पुण्याचा. पहिल्या दिवशी तो मराठीत बोलला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! ऑफिसात हिंदी नि इंग्रजी, राहते त्या पीजीत कन्नड नि तेलुगू. मराठी फक्त फोनवर, आईशी. "अरे वा, मराठी! आडनाव काय? घरी कोण काय करतं?" मी सगळं खरं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण. तो "अच्छा" म्हणाला. जात विचारायची त्याला गरजच पडली नाही. त्यानंतर दुपारी सगळ्यांच्या डब्यात त्याचा चमचा फिरायचा, माझा डबा सोडून.

आता ॲप कुणामुळे अडलं ते सांगते.

शाळेच्या बसचं ॲप होतं. बस कुठवर आली ते आईबापांना फोनवर दिसतं. असं ॲप लोकांपर्यंत जायच्या आधी ॲप स्टोअरचा परीक्षक ते तपासतो. तो परदेशात कुठेतरी बसलेला. आपल्याला तो दिसत नाही, त्याला समजावता येत नाही. नापास केलं की दोन मोघम ओळी पाठवतो, आपण बसायचं डोकं खाजवत. आमच्या ॲपमध्ये फोन नंबर टाकला की ओटीपी येतो, तो टाकला की आत जाता येतं. परदेशातल्या माणसाला आपला ओटीपी कुठून येणार? म्हणून मी खास त्याच्यासाठी एक ठरलेला नंबर नि ठरलेला ओटीपी कोडमध्ये लिहून ठेवला होता. या धंद्यात सगळेच असं करतात.

लीडने कोड तपासताना तेवढंच खोडलं. "असले चोरदरवाजे तुमच्याकडे चालत असतील. इथे नाही चालत." आणि परीक्षकाला आत जायला स्वतःचा नंबर दिला.

मी म्हटलं, "सर, ओटीपी तुमच्या फोनवर येईल. त्याला कसा मिळणार?"

"तुला विचारलं का मी?"

परीक्षकाने लीडचा नंबर टाकला. ओटीपी लीडच्या फोनवर आला. लीड बॅडमिंटन खेळत होता, फोन बॅगेत. ॲप नापास. आत जाता आलं नाही, असं लिहून आलं. एरवी कोड्यात बोलणारे ते लोक नेमके त्या दिवशी सरळ बोलले होते.

या ॲपसाठी मी काय नव्हतं सोसलं? टूल अपडेट झालं की काल चालणारं सगळं आज स्क्रीनवर लाल. कसल्याशा प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून ॲप तयारच होत नाही, आणि चूक दाखवतं भलतीकडेच. ते मी निमूट सोसलं. यंत्र निदान आडनाव विचारत नाही.

शाळा उघडायची वेळ आली, शाळावाले तापले. कुणाचं तरी नाव पुढे करायला हवं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. झाडू माझ्या टेबलावर आला.

लीड मोबाइल घेऊन फोटो काढायला पुढे आला. झाडू त्याने दुसऱ्याकडून ठेववून घेतला होता. त्याने झाडूला हात लावलेला मी कधीच पाहिला नाही.

मी झाडू हातात घेतला. हो, घेतला. वरचा माणूस सांगतो, आपण ऐकायचं. अंगात मुरलंय ते. तो जवळ आला आणि हसत, हळूच, मराठीत म्हणाला,

"नीट धर की. तुमच्या घरचंच हत्यार आहे."

बाकी कुणाला कळलं नाही. कळू नये म्हणूनच मराठीत. ज्या भाषेत माझी आई मला "जेवलीस काय गं" विचारते, त्या भाषेत.

तेवढ्यात दारात मंगळम्मा येऊन उभी राहिली. आमच्या मजल्याची साफसफाई करते ती. सकाळपासून शोधत होती. "नन्न पोरके एल्लम्मा?" माझा झाडू कुठे गं? तिला न विचारता उचलला होता. काम खोळंबलं म्हणून सुपरवायझरच्या शिव्या तिने खाल्ल्या होत्या. तिची नजर माझ्या हातातल्या झाडूवर गेली, मग त्या लाल रिबनवर. तिला काही समजेना. मला मात्र राग आला. असा राग आला की रडू आलंच नाही.

मी रिबन सोडली. मोठ्याने म्हटलं, "सर ने अभी मराठी में जो बोला, वो सबको बताती हूँ."

सांगितलं. शब्दाला शब्द. आधी हिंदीत. मग इंग्रजीत. मग मंगळम्मासाठी कन्नडमध्ये. टाळ्या वाजवणारे हात टेबलाखाली गेले. मंगळम्मा फक्त "थू" म्हणाली.

"और ओटीपी किसके फोन पे गया था?" मी विचारलं. सगळ्यांना माहीत होतं.

मी चालत गेले आणि झाडू त्याच्या लॅपटॉपवर आडवा ठेवला. तो खुर्चीसकट मागे सरकला. "ए, काय करतेस!"

"पद्धत आहे ना, सर? धरा. फोटो काढते."

त्याने हात लावला नाही. तोंड लालबुंद. मंगळम्माला म्हणाला, "उठाओ इसे."

मंगळम्मा जागची हलली नाही.

पुढे माझा ठरलेला ओटीपी गुपचूप परत घातला गेला आणि ॲप पास झालं. शाबासकीच्या मेलमध्ये नाव त्याचं. एचआरच्या बाईंनी मला आत बोलावून पाणी दिलं. म्हणाल्या, तो खासगीत सॉरी म्हणायला तयार आहे, मस्करी होती ती, तूही जरा जास्तच केलंस, दुसरीकडे नोकरी बघायची असेल तर आम्ही मदत करू.

रात्री आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "येऊ नको परत. तिथंच बस."

बसणार आहे. तक्रार दिली आहे, आणि त्याचं वाक्य मराठीतच लिहिलं आहे, बोलला तसंच. कंपनीने दाबलं तर पोलीस ठाण्यात देईन. मला खासगीतली माफी नको. मला सूड हवाय, आणि हा शब्द मी विचार करून वापरते आहे. टाळ्या वाजवणाऱ्या त्याच टीमसमोर त्याने मंगळम्माकडे झाडू मागायचा, हातात धरायचा आणि स्वतःच्या खुर्चीखालचा केर काढायचा. फोटो मी काढणार. तोवर रोज सकाळी त्याच्या समोरच्या टेबलाशी मी येऊन बसेन.

लाल रिबन मी टाकलेली नाही. माझ्या खणात आहे. त्या दिवशी त्याच्या हातातल्या झाडूला ती मी माझ्या हाताने बांधणार आहे.