पाठीला पाठ

मीटर दुरुस्तीच्या खोलीत त्याला सगळे मुका म्हणत. जीभ होती हो, पण ती चालवायचा कंटाळा. त्याच्या पाठीला पाठ लावून कित्येक वर्षं बसायचा तो काटकोन. कायम ताठ, म्हणून हे नाव. मुक्याचं काही अडलं की तो मान न वळवता हात मागे करायचा आणि काटकोन त्या हातावर हवा तोच स्क्रू ड्रायव्हर ठेवायचा. कोणता, हे त्याला कसं कळायचं, देव जाणे.

मग वरच्या ऑफिसला माणसांची जाळी समजून घ्यायची हुक्की आली. एक बाई आल्या, बोलायला गोड. प्रत्येकाला एकच प्रश्न: अडलं की तुम्ही कोणाकडे जाता? त्यावरून कॉम्प्युटर चित्र काढणार. माणूस म्हणजे ठिपका, आणि कोणी कोणाचं नाव घेतलं की मध्ये रेघ. मुक्याने सरळ मनाने सांगितलं, सुपरवायझरकडे. काटकोनाकडे तो कधी गेला होता? उठायची वेळच आली नव्हती.

चित्र भिंतीवर लागलं. मधोमध चहाच्या मशीनपाशी रेंगाळणाऱ्या टोळक्याचं दाट जाळं, आणि हे दोघे कडेला, एकेका रेघेला कसेबसे लटकलेले. शहराबाहेरच्या गोदामात एक माणूस हवाच होता. ज्यांच्यावाचून इथे कोणाचंच अडत नाही असे हे दोघे. त्यांतला काटकोन वयाने लहान, म्हणून त्याची बदली झाली.

मुका बाईंकडे गेला. माझ्या उत्तरात त्याचं नाव आता घाला, म्हणाला. बाईंना वाईट वाटलं, अगदी खरं वाटलं. पण ऑर्डर निघाली होती. मुक्याला राग यायला हवा होता. आला नाही. दात काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर हिरडी होते, तसं आतून सगळं बधिर झालं होतं.

शनिवारी, त्याच्या इथल्या शेवटच्या दिवशी, डबा आवरताना काटकोन म्हणाला, "तू माझं नाव नाही दिलंस?"

"नाही. तू?"

"मीही नाही." काटकोनाने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "सुचलंच नाही रे."

घरी मुक्याला बायकोने विचारलं, चेहरा असा का. काही नाही म्हणून तो जेवायला बसला. चव काही कळली नाही.

सोमवारी एका मीटरचा स्क्रू अडकला. मुक्याने मान न वळवता हात मागे केला. बराच वेळ तो तसाच धरून ठेवला. मग उठला, आणि पहिल्यांदाच काटकोनाच्या टेबलाकडे गेला.