अकोल्याचा डॉक्टर महाग होता

माझा वरचा ओठ जन्मापासून फाटका होता. डाव्या नाकपुडीखाली चीर आणि त्या चिरेतून दिसणारा एक दात. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्याशी बोलताना लोक इकडे-तिकडे सगळीकडे पाहत, फक्त तिथे पाहत नसत, आणि त्या आडवळणाचा मला आयुष्यभर कंटाळा आला.

आमचा मळा अमरावतीच्या बाहेर, भातकुलीच्या वाटेवर. झेंडू, शेवंती, मोगरा आणि विहिरीपलीकडे बाची लाडकी संत्री. बा म्हणजे माझे वडील. फुलं रोज सकाळी अंबादेवीच्या देवळापाशी आमच्या दुकानात जायची. दुकान म्हणजे काय, एक फळी आणि वर गोणपाट. माय तिथे हार ओवायची आणि मी तिच्या पाठीमागे टोपल्यांच्या आड बसायची. ती जागा मला कोणी नेमून दिली नव्हती. पण गर्भार बायका माझ्या हातची वेणी घेत नसत, माझं तोंड दिसलं की पदर ओढून पुढच्या दुकानाकडे वळत, म्हणून मीच हळूहळू मागे सरकत गेले. टोपल्यांच्या फटीतून मला बाजार दिसायचा.

फुलांच्या राशीत जन्म काढलेल्या मायनं स्वतःच्या केसांत कधी फूल माळलं नाही. मळ्यात ती कधी फूल खुडतही नसे. खुडायचं ते बानं, भावानं, कामाच्या बायांनी. मायनं फक्त ओवायचं. का, ते साऱ्या वाडीला ठाऊक होतं. मी तिच्या पोटात असताना, चौथ्या महिन्यात, दिवाळीच्या अवसेला सूर्यग्रहण आलं. लक्ष्मीपूजनाचा दिवस, फुलांना वर्षातला सगळ्यात चढा भाव. ग्रहण लागायच्या आत आटपू म्हणून माय विळा घेऊन शेवंतीच्या वाफ्यात शिरली, आणि शेवटची जुडी कापेपर्यंत ऊन पिवळं पडलं होतं. गर्भार बाईनं ग्रहणात काही कापू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चैत्रात मी जन्मले. सुईणीनं मला उचलून धरलं आणि मुलगी झाली हे सांगायच्या आधी विचारलं, काय कापलं होतं?

मायनं मला कधी मारलं नाही, साधा आवाजही चढवला नाही. भावाला धपाटे मिळायचे, मला भाकरीचा मऊ पापुद्रा मिळायचा. झोपताना ती अंगठा आणि बोट लावून माझ्या ओठाच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडवून धरी, मला झोप लागेपर्यंत. मला ते आवडायचं आणि त्याचा रागही यायचा. एक सणसणीत धपाटा मिळाला असता तर मी त्या घरातली वाटले असते.

मी बारा वर्षांची असताना ओठ शिवता येतो ही बातमी कुठूनशी मळ्यात आली. दोन डॉक्टरांची चौकशी झाली. एक अमरावतीतलाच, आधी कंपाउंडर होता, जखमा शिवून शिवून हात बसल्यावर स्वतःची पाटी लावलेला. पस्तीस रुपयांत करतो म्हणाला. दुसरा अकोल्याचा, विलायतेत शिकून आलेला सर्जन. त्याचे दीडशे, वर आगगाडीचं भाडं आणि दहा दिवसांचं राहणं. माय घरातल्या कोणत्याच गोष्टीत बोलायची नाही, त्या दिवशी मात्र तिनं ठाम सांगितलं की अकोल्यालाच जायचं. बा म्हणाला, पाहू.

बा चिक्कू नव्हता. पण आपल्याला माणसाच्या हाताची पारख आहे, असा त्याचा मोठा तोरा होता. संत्र्याची कलमं तो चांदूर बाजारकडून आणायचा, आणि कलमवाला कितीही गोड बोलला तरी त्याच्या हातची जुनी झाडं पाहिल्याशिवाय कनवटीचा पैसा सोडायचा नाही. "पैल्या महिन्यात कलमाचे सारेच डोळे हिरवे दिसते," तो म्हणायचा. "एक पावसाळा निघू दे, मंग बोल." डॉक्टरही तो असाच, हातची झाडं पाहून निवडायला निघाला.

अकोल्याच्या सर्जनचं झाड मूर्तिजापूरला सापडलं. आठ वर्षांपूर्वी ओठ शिवून घेतलेला एक डाळीचा व्यापारी. बा मुद्दाम गाडीनं तिथवर गेला, तर व्यापाऱ्याला ही भरघोस मिशी. बा त्याच्यासमोर तासभर बसला, दोन वेळा चहा प्यायला, पण परक्या माणसाला मिशी बाजूला करा कसं म्हणणार? परत येऊन म्हणाला, मिशीखाली काय आहे ते देव जाणे. माय चुलीपुढून म्हणाली की त्याच्या बायकोला तरी विचारायचं, तिनं पाहिलं असेल. बाला हसू आवरेना.

अमरावतीच्या डॉक्टरचं झाड अगदी जवळ होतं. दोन वर्षांची एक मुलगी, ओठ शिवून दीड महिना झालेला. बानं तिला मांडीवर घेतलं, तोंड उजेडाकडे वळवून पाहिलं. बारीक, नितळ रेघ. तिथेच त्यानं पक्कं केलं.

दीड महिना! दीड महिन्याच्या कलमाकडे जो ढुंकूनही पाहत नसे, त्यानं लेकीचा ओठ दीड महिन्याच्या शिवणीवर ठरवला. संत्र्याच्या बाबतीत जे तो झोपेतही विसरला नसता, ते माझ्या बाबतीत विसरला. याचा राग मी पुष्कळ वर्षं केला. आता वाटतं, त्याला माझा ओठ लवकर, फार लवकर बरा झालेला पाहायचा होता, आणि घाईत माणसाची पारख पाण्यात जाते.

अमरावतीच्या डॉक्टरनं मला टेबलावर घेण्याआधी मायला एकच प्रश्न विचारला, ग्रहणात काय कापलं होतं? मायनं सांगितलं. तो "हं" म्हणाला आणि हात धुवायला गेला. मी मायकडे पाहत होते. इतकी वर्षं तिच्या मनात कुठेतरी असेल, की कदाचित आपल्या हातून नसेल झालं. शिकलेल्या माणसाच्या त्या एका हुंकारानं तेवढीही जागा उरली नाही.

पहिले दोन महिने माझा ओठ खरंच सुरेख दिसत होता. मायनं मला टोपल्यांच्या पुढे बसवलं, माझ्या केसांत मोगऱ्याची वेणी घातली. मी गिऱ्हाइकांशी उगाचच बोलायची, भाव विचारला नसला तरी सांगायची. मग पावसाळा आला आणि शिवण आवळायला लागली. ओठाची कड वर वर चढत गेली, दात पुन्हा डोकावला. आधी मी नुसती फाटक्या ओठाची होते. आता सगळ्या जगाला वेडावून दाखवते आहे असं दिसू लागलं. कोणी काही म्हणायच्या आत मी आपणहून टोपल्यांच्या मागे गेले. माय एवढंच म्हणाली, "माह्याच हातचं हाय ते. मिटन कसं?"

त्यानंतर दोन वर्षांनी ती तापात गेली. शेवटच्या दिवसांत तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण मी जवळ बसले की तिचा अंगठा माझ्या ओठाकडे यायचा.

पुढे मी शिकले. लग्नाचा प्रश्नच नव्हता, तेव्हा कोणी अडवलंही नाही. तोंड लपवणारी पोरगी मास्तरीण झाली, चाळीस मुलींसमोर तोंड दाखवायचा पगार घ्यायला लागली. दैवाला थट्टा करायची हौस असते ती अशी. पहिल्या दोन वर्षांचा पगार साठवला आणि बाला सांगितलं की मी अकोल्याला चालले. बा पिशवी भरायला लागला.

अकोल्याचा सर्जन तोवर म्हातारा झाला होता. जुनी शिवण उसवून त्यानं नव्यानं शिवली. टाके काढायच्या दिवशी बा माझ्यासाठी दूध आणायला बाहेर गेला होता. आधीचं काम कोणी केलं, असं सर्जननं विचारलं. मी सांगितलं, पण त्या माणसाबद्दल तो वावगा शब्द बोलला नाही. मग मी, लहानपणापासून जे सांगायची सवय होती ते सांगितलं, की आईनं ग्रहणात शेवंती कापली होती.

त्याचा हात थांबला. "कितवा महिना होता तिला?"

"चौथा."

"ओठाचे दोन्ही भाग तिसरा महिना लागायच्या आत जुळतात," तो म्हणाला. "नाही जुळले तर नाही. ग्रहणानं ओठ फाटत नाही. पण तुझा त्यावर विश्वास बसत नसेल, तर नुसते महिने मोज. तुझी आई फुलं कापायला गेली, त्याच्या महिनाभर आधीच तुझा ओठ तसा होता." त्यानं कात्री खाली ठेवली. "घरी गेलीस की आईला सांग."

मी "सांगते" म्हटलं.

बडनेऱ्यापर्यंत बा माझ्या समोरच्या बाकावर बसला होता. दर दोन-तीन स्टेशनांनी माझ्या तोंडाकडे पाही आणि खुशीत मान हलवी. मी त्याला काही बोलले नाही. काय बोलणार होते? मायला अकोल्यालाच जायचं होतं. आपण तिचं ऐकलं असतं, तर ती मरायच्या आधी हे वाक्य तिच्या कानांवर पडलं असतं. हे बाच्या पदरात टाकायचं मला धैर्य झालं नाही. ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं ते नव्हतं, आणि जो होता त्याला सांगता येत नव्हतं. तीन वर्षं मी ते एकटीनं सांभाळलं. ओठ बरा झाल्यावर लोक माझ्या तोंडाकडे बघून बोलायला लागले, पण इतकी एकटी मी टोपल्यांच्या मागेही नव्हते.

मग वहिनीला दिवस गेले, आणि पाचव्या महिन्यात ग्रहण आलं. पुन्हा सूर्याचंच. सकाळपासून ती आतल्या खोलीत कोपऱ्यात बसून होती. पाणी नाही, अंग खाजवणं नाही, पाय दुमडणं नाही. मी शाळेला सुट्टी म्हणून घरी होते, तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझ्या ओठावरच्या रेघेकडे एकदा पाहिलं आणि चटकन तोंड भिंतीकडे वळवलं. देवळापाशी गर्भार बायका वळवायच्या तसंच. वाईट मुलगी नव्हती ती, घाबरली होती.

मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. दोन भाग कधी जुळतात, मायचा कितवा महिना होता, सर्जन काय म्हणाला. पाचवा महिना आहे तुझा, तुझ्या बाळाचा ओठ केव्हाच जुळलेला आहे, पाणी पी. वहिनीनं पेला घेतला. तेव्हा मला दारात बा दिसला.

"कोन म्हने हे?" त्यानं विचारलं.

"अकोल्याचे डाक्तर."

"कवा?"

"टाके काढले त्या दिवशी. तू दूध आनाले गेलता."

बोटांवर त्यानं महिने मोजले, आश्विनपासून मागे. पुन्हा एकदा मोजले. मग म्हणाला, "तुही माय अकोल्याले जाऊ म्हने."

एवढं बोलून तो बाहेर पडला. ऊन पिवळं व्हायला लागलं होतं, पाखरं झाडांवर परतत होती, आणि अशा वेळी आमच्याकडे कोणी मळ्यात पाय टाकत नाही. बा सरळ शेवंतीच्या वाफ्यात गेला. त्यानं विळ्यानं एक जुडी कापली, मग दुसरी, ओंजळीत मावेनाशी झाली तेव्हा ती फुलं तशीच सरीत ठेवली आणि घराकडे पाठ करून त्यांच्याजवळ बसला. त्याचे खांदे हलताना मी पहिल्यांदाच पाहिले. मी उंबरठ्यावर उभी होते. त्याच्यापाशी जायला हवं होतं, वीस पावलंही नव्हती. मी गेले नाही.