कॅरॅव्हॅनमधला सोमवार

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण त्यातल्या बावीस वर्षांत मी नवऱ्याबरोबर सोमवार घालवलेला नव्हता. तो अबुधाबीच्या पलीकडे रुवैसच्या रिफायनरीत मेंटेनन्सला आणि मी मुलीला घेऊन दुबईत, अल मनखूलला. मुलीच्या शाळेसाठी दोन वर्षांपुरती म्हणून केलेली ही सोय, ती शिकून टोरांटोला नोकरीला लागली तरी तशीच राहिली. गुरुवारी संध्याकाळी चार तास गाडी हाकत तो घरी यायचा आणि शनिवारी संध्याकाळी परत जायचा. पुढे सुट्टीचे वार बदलले, तेव्हा शुक्रवारी यायला आणि रविवारी जायला लागला. भारतातल्या सुट्टीतले सोमवार मी धरत नाही. तिथे आम्ही दोघं काय ते जेवणाच्या पंगतीतच एकमेकांना दिसायचो. (तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. लिहिताना 'तो' म्हणण्याचं सुख मिळतंय, ते मी सोडणार नाही.)

आता तो साठीला आला होता. कंपनी म्हणाली, हवं तर आणखी दोन वर्षं राहा. कळवायला महिन्याची मुदत होती.

"तुझं काय म्हणणं?" त्याने विचारलं.

"तुमची मर्जी," मी म्हणाले.

हे साफ खोटं होतं. तो घरी यावा असं मला मनापासून वाटत होतं आणि तो घरी येणार म्हणून मी धास्तावलेही होते. दोन दिवसांचा नवरा मला उत्तम सांभाळता येत होता. सात दिवसांचा जमेल की नाही, याची मला खरोखर भीती वाटत होती. आणि त्यालाही बहुधा तीच असणार, या विचाराने तर फार वाईट वाटायचं.

मुलीला यातलं काही सांगितलं नव्हतं, पण तिने फोनवर परस्पर तोडगा काढला. "आई, जस्ट रेंट अ कॅरॅव्हॅन अँड गो. ओन्ली यू टू. फुल वीक!" जानेवारी होता, हवा छान होती. त्याच्या शिल्लक रजा होत्याच. पूर्व किनाऱ्यावर कलब्यापासून दिब्ब्यापर्यंत, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र धरून आठ दिवस हिंडायचं ठरलं.

गाडी देणाऱ्या माणसाने सगळं दाखवलं. दोन शेगड्यांचा ओटा, कोचाचा होणारा पलंग, कपाटाएवढं न्हाणीघर. "मॅडम, गंदा पानी का टँक रोज खाली करना," त्याने दोनदा बजावलं. नवऱ्याने ते वहीत लिहून घेतलं. वही बघूनच मला शंका यायला हवी होती.

शुक्रवार आणि शनिवार झकास गेले. का जाणार नाहीत? ते आमचे पाठ केलेले दिवस. मी काजळ घातलं, त्याने इस्त्रीचा टी-शर्ट घातला. मी शुक्रवारी सुरमई तळली आणि शनिवारी त्या दीड हात ओट्यावर कोंबडी-वडे केले. काचा धुरकटल्या, गाडीभर तेलाचा वास झाला. तो "वा! वा!" म्हणत सात वडे जेवला. कलब्याच्या खारफुटीत आम्ही होडी वल्हवली आणि एकमेकांचे पन्नासेक फोटो काढले. फोटोंत आम्ही फारच सुखी दिसतो.

रविवारी संध्याकाळी आम्ही दिब्ब्याजवळ समुद्राला तोंड करून गाडी लावली होती. चहा झाला. मी ओट्याशी उभी राहून काम उरकत होते आणि तो मागे खुडबुड करत होता. थोड्या वेळाने तो बूट घालून, बॅग खांद्याला लावून दाराशी आला. मी त्याच्या हातात पिशवी दिली. "पोचलात की फोन करा," म्हणाले. तो "हो" म्हणाला आणि दोन पायऱ्या उतरून वाळूत उभा राहिला.

आणि तसाच उभा राहिला.

बॅगेत त्याचे कपडे घडी घालून भरलेले होते, दाढीचं सामानसुद्धा. पिशवीत मी भरलेले पाच डबे होते: पोळ्या, दोन सुक्या भाज्या, चटणी, लाडू. रविवारी संध्याकाळी साडेपाचला आमचे हात आमचे नसतातच. आणि जायचं तर जाणार कशातून? तिथे गाडी म्हणजे तेच घर होतं. तो निघाला असता तर मलाही बरोबर न्यावं लागलं असतं. आम्ही इतके हसलो की शेजारच्या तंबूतल्या बाईने डोकं बाहेर काढून पाहिलं. मग हसू ओसरलं, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

सोमवारी पहाटे साडेचारला गजर झाला. मागोमाग सगळे दिवे लागले. साइटवर काम सुरू करण्याआधी माणसांना उभं करून धोके समजावून सांगतात, तसं त्याने मला अंथरुणातच समजावलं. गॅसचा कॉक कुठे, आग लागली तर बाहेर कसं पडायचं, पाणी किती वापरायचं. मी आठला उठणारी बाई. अशा वेळी मला आग लागली तरी चालेल, पण उठवू नये.

दहा वाजता मी बहिणीशी तासभर फोनवर बोलले. तो समोरच बसून होता. जाणार कुठे?

"रोज बोलता दोघी?" त्याने विचारलं.

"रोज."

"तासभर?"

"आज लवकर ठेवला."

साडेअकराला त्याने जेवायला मागितलं, कारण साइटवर साडेअकराला जेवतात. मी पुन्हा काहीतरी झणझणीत करायला घेतलं. तेव्हा तो घसा खाकरून म्हणाला, "साधा वरण-भात मिळेल का? मला तुझं ते सुट्टीचं जेवण सोसत नाही गं. परत जाताना अबुधाबीच्या पुढे नेहमी गोळी घेतो मी."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासूनच."

माझ्या हातात लाटणं होतं. ते मी खाली ठेवलं, याचं श्रेय मला मिळालं पाहिजे. "आणि मला काय हौस आहे वडे तळायची? तुम्ही नसता तेव्हा मी गॅससुद्धा पेटवत नाही!"

"मग खातेस काय?"

"दही-पोहे. नाहीतर ब्रेड. टीव्हीसमोर बसून."

तो असा बघायला लागला, जणू मी इतकी वर्षं दुसरीकडे नांदत होते. रागाच्या भरात मी नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली. तो म्हणाला, "पाणी जपून. टाकी भरेल." खरं तर एवढंच म्हणाला.

"हा तुमचा प्लांट नाही!" मी ओरडले. "मी तुमची हेल्पर नाही! घ्या ती दोन वर्षं आणि जा परत. खलास!"

नळ बंद करून तो बाहेर जाऊन खुर्चीत बसला.

मी आत कोचावर बसले. मला जे नको होतं, नेमकं तेच मी बोलून बसले होते. खिडकीतून पाहिलं तर त्याने चष्मा लावला होता आणि फोनवर वाकून बोटाने काहीतरी करत होता. हा माणूस सांगितलेलं काम लगेच करतो, हे मला माहीत होतं. मी अनवाणीच धावले.

"पाठवू नका!"

"काय?"

"होकार. कंपनीला."

त्याने फोन माझ्याकडे वळवला. सांडपाण्याची टाकी कशी रिकामी करायची, याचा व्हिडिओ चालू होता.

"होकार कसला," तो म्हणाला. "मी नाही म्हणून कळवलंय. आपण निघायच्या आदल्या दिवशी."

"मला न विचारता?"

"विचारलं होतं की."

'तुमची मर्जी' मीच म्हटलं होतं. "मग सांगितलं का नाहीत?"

तो वाळूकडे बघत राहिला. "भीती वाटली. म्हटलं, तू विचारशील, कशाला येताय."

साठ वर्षांचा माणूस. त्या भल्यामोठ्या प्लांटला न घाबरणारा. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला, दोन्ही एकदमच. मी दुसरी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसले. आत वरणाचा कुकर लावायचा राहिला होता, पण दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"उद्या मंगळवार," तो म्हणाला.

"हं."

"मंगळवारी तू काय करतेस?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, काही नाही, सांगण्यासारखं काही नसतं.

त्याने फोन बंद करून खिशात ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"सांग ना," तो म्हणाला. "सकाळपासून सांग."