पिणं शिकायच्या आधी

चिखलीच्या आमच्या शाळेत चाचणीचे पेपर तपासत बसले होते, तेव्हा माझं पाणी गेलं. गरोदरपणाचा एकतिसावा आठवडा संपत आला होता. मी विज्ञान शिकवते. फलन, गर्भाची वाढ, नाळ, सगळं दरवर्षी फळ्यावर काढलेलं. तरी खुर्ची ओली झाली तेव्हा मला वाटलं, पाण्याची बाटली सांडली.

सोबतच्या बाईंनी गाडी करून बुलढाण्याला दवाखान्यात आणलं. संध्याकाळी मुलगी झाली. दीड किलोही भरली नाही. मला एकदा दाखवली आणि काचेच्या पेटीत ठेवायला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी माझ्या हातात वाटी दिली. दर दोन तासांनी हाताने दूध काढायचं, ते नळीने तिच्या पोटात जाणार. पहिल्या वेळी अर्धा तास दाबून पाच-सहा थेंब चीक निघाला. टाके दुखत होते, नीट बसता येत नव्हतं. वाटी धुवायची, दूध काढायचं, नेऊन द्यायचं, आडवं व्हायचं. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा वाटी. कोणता वार आहे, हेही कळेनासं झालं. नवरा बाहेर बाकावर असायचा. काही आणू का विचारायचा आणि मला उत्तर द्यायचाही कंटाळा यायचा.

सासूबाई गावाहून मेथीचे लाडू घेऊन आल्या. नात पेटीत पाहून म्हणाल्या, "अंगावर काऊन घेत नाही तू तिले? असं वाटीनं कुठं लेकरू वाढते?"

मी वाटी धुवायला घेतली. सिस्टरच म्हणाल्या, "आजी, तिले पिणं येतच नाही अजून. ओढायचं, गिळायचं, श्वास घ्यायचा, हे सारं पोटात शिकून राह्यली होती. मधातच बाहेर आली."

हे मला माहीत होतं. पण नुसतं माहीत असून दूध वाढत नव्हतं.

दहाव्या-अकराव्या दिवशी दुपारी वाटी हातात असतानाच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा दूध मांडीवर, चादरीवर. तासाभराची मेहनत. मी नुसती बघत राहिले. रडायलाही अंगात जोर नव्हता.

सासूबाईंनी चादर ओढून घेतली. आता बोलतील, असं वाटलं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे वं माय. अजून येईन."

मग त्या सिस्टरांकडे गेल्या. मुलीला रोज काही तास माझ्या उघड्या छातीशी धरायला सांगितलं होतं. सासूबाईंनी विचारलं, "म्या धरलं तर चालते का? तेवढा वेळ झोपन हे माही सून."

"चालते," सिस्टर म्हणाल्या. "आंघोळ करून या."

परपुरुषासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी ती बाई. पडद्याआड ब्लाऊजची बटणं सोडून, नातीला छातीशी धरून, वरून पदर घेऊन बसली. हलायलाही घाबरत होती. मी तीन तास झोपले. उठले तेव्हा त्या तशाच बसलेल्या, मान अवघडलेली. "हिच्या काळजाची धडधड लागते माह्या अंगाले," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून आम्ही वाटून घेतलं. दूध मी काढायचं, दुपारी तिला त्यांनी धरायचं.

पोटातले दिवस धरून चौतिसावा आठवडा उलटल्यावर तिने पहिल्यांदा अंगावर ओढलं. चार घोट घेतले आणि श्वास घ्यायचाच विसरली; ओठ काळसर पडले. सिस्टरांनी तळपायावर टिचकी मारली तेव्हा पुन्हा श्वास घेतला. मग दोन घोट. मग झोपली. पुढचे आठ-दहा दिवस असेच गेले, थोडं अंगावर, उरलेलं नळीने. आनंद झाला असं मी सगळ्यांना फोनवर सांगितलं. खरं तर फक्त खांदे दुखत होते.

महिना उलटून गेल्यावर आम्हाला घरी सोडलं. आता ती चार वर्षांची आहे आणि आजीजवळच झोपते. मला उठवायला येत नाही. कधी हेवा वाटतो, पण बरंही वाटतं. झोप मिळते.