बदलीबाईचा अर्धा तास

आमच्या औषधाच्या कारखान्यात बाटल्यांचा पट्टा कधी थांबत नसे. पट्ट्यावर आम्ही सहा जणी. एकीने जेवायला उठायचं, तर तिच्या जागी बदलीबाई बसणार. अकरा ते दोन ती एकेकीची जागा धरायची; बुचं बसवायची, लेबलं चिकटवायची, बाटल्या तपासायची. लेबल माझ्याहून सरळ लावायची, पण हे मी तिच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. दोननंतर सुटेपर्यंत ती रिकामे खोके चढवायची. तिला स्वतःला जेवणाची सुट्टी नव्हती. फाटकाशी पाटी होती: पाच तासांच्या कामानंतर प्रत्येकाला अर्धा तास सुट्टी. तिने एकदा विचारलं, तर मुकादम म्हणाला, "अगं, बदलीला बदली कुठून आणू? आणि तू तर दर अर्ध्या तासाला जागा बदलतेस. तीच तुझी विश्रांती."

यावर तीही हसली. तिचं हे हसणंच मला खपायचं नाही.

मग तिच्या आईला अर्धांगवायू झाला. घरात दोघीच. शेजारीण दुपारी भरवायला यायची, पण म्हातारी तोंड घट्ट मिटून घ्यायची. लेकीच्या हातचाच घास तिला चालायचा. घर दहा मिनिटांवर. जायला दहा, भरवायला दहा, यायला दहा. बदलीबाईला एवढंच हवं होतं.

आम्ही सहा जणींनी डोकं लढवलं. प्रत्येकीने पाच मिनिटं लवकर परतायचं. सहा पंचे तीस! आम्ही स्वतःवर भलत्याच खूश. महिनाभर इमानाने लवकर परतलो. एके दिवशी मी विचारलं, "आई जेवते ना गं आता दुपारी?"

"पाच मिनिटांत फाटकापर्यंत जाऊन येते मी," ती म्हणाली. "पण तुम्ही केलंत तेच खूप, ताई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साडेअकराच्या आधी पाच, बाराच्या आधी पाच, असे तुकडे आम्ही तिच्या पदरात टाकत होतो, आणि सहा जणींपैकी एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

उपाय होता. तो मला तिथेच सुचला. आम्ही सहा जणी, कामाचे दिवस सहा. रोज एकीने आपली सुट्टी तिला द्यायची. पण पाच मिनिटं देणं वेगळं आणि दिवसभर उपाशी राबणं वेगळं. बोलले असते तर पहिला दिवस माझ्याच गळ्यात पडला असता. म्हणून मी गप्प बसले. तीन आठवडे गप्प बसले.

म्हातारी गेली. शेवटी नुसती हाडं उरली होती. ती गेली तेव्हा सव्वा वाजला होता. तिची लेक माझ्या जागेवर लेबलं लावत होती आणि मी जेवत होते.

मग आम्हाला कंठ फुटला. सहाही जणी मोठ्या साहेबांकडे गेलो आणि त्या पाटीबद्दल जाब विचारला. त्यांनी मुकादमाला बोलावलं, दोन ते अडीच गोदामातला एक माणूस खोक्यांवर लावायला सांगितला. पंधरा मिनिटांत काम झालं. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! इतकं सोपं होतं ते, याचाच मला अजून राग येतो.

पहिल्या दिवशी बदलीबाई जेवणाच्या खोलीत आली. मुकादमाला विचारून, पाच मिनिटं माझी जागा शेजारच्या बाईवर सोपवून, मीही तिच्यासोबत बसले होते. तिने पाच मिनिटांत डबा संपवला, बोटं धुतली आणि निघाली.

"बस की," मी म्हटलं. "अजून पंचवीस मिनिटं आहेत तुझी."

"त्यांचं मी काय करू, ताई?"