नवसाचे केस

न्हाव्याने मानेवर गार पाणी फवारलं की अजूनही मला खुर्चीतून उठून पळावंसं वाटतं.

विशीत मी बेलबॉटम घालायचो. मासिकातल्या गिटारवाल्या गोऱ्या गायकासारखे खांद्यापर्यंत केस वाढवले होते. वडलांनी दंडाला धरून नेकनूरच्या बाजारात न्हाव्यापुढं बसवलं. कात्री उचलून तो थबकला.

"कोन्या देवीचा नवस हाय, अण्णा?"

दुकानातली माणसं बघायला लागली. पोरगं गोऱ्याच्या नादी लागलंय, हे वडलांना चारचौघांत सांगवेना.

"हाय एका देवीचा," ते पुटपुटले.

"मग मी न्हाई कात्री लावनार."

मी केस उडवत भर बाजारातून सुटलो. जिंकलो, असंच वाटलं.

ते केस उतरले ते वडलांच्या दहाव्यालाच. तेव्हापासून मान मोकळी आहे, पण न्हाव्याच्या खुर्चीत मला स्वस्थ बसवत नाही.