रफूकाकांचा उजवा डोळा

रफूकाकांनी फाटका कोट हातात घेतला की त्यांचा उजवा डोळा गळायला लागे. गिऱ्हाईक धसका घेई. "काका, इतका वाईट फाटलाय का हो?"

"कोटाचं काही नाही. डोळाच जरा मनाला लावून घेतो."

डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची वाट बुजली होती, एवढंच. डॉक्टरांनी ऑपरेशन करून हाडातून नवी वाट काढली आणि पुढची सात वर्षं डोळा शहाण्यासारखा वागला. त्या काळात काकांनी कापडाच्याच आतल्या कडेचा धागा ओढून भोकं अशी बुजवली की मालकालासुद्धा जागा सापडू नये. आठव्या वर्षी आत वण धरला, वाट मिटली. पुन्हा ऑपरेशन झालं. त्याला सहा महिने होतात न होतात तोच शाळेतल्या बाईंच्या रेशमी शालीवर एक थेंब टपकला. डाग हटेना. बाईंनी शाल मुकाट्याने घडी घालून नेली. चार शब्द सुनावले असते तर काकांना त्या रात्री जेवण तरी गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी बायकोने त्यांना दवाखान्यात नेलं. दारातच बजावलं, "डोळ्याच्या कोपऱ्यातून मिठाचं पाणी सोडतील. घशात खारट लागलं तर वाट उघडी. उगीच घाईने हो म्हणू नका."

डॉक्टरांनी पिचकारी दाबली. "लागलं खारट?"

"लागलं," काका लगेच म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांचा गाल पुसला. "काका, पाणी आत गेलंच नाही. गालावरून ओठात आलंय."

"पण खारटच आहे ना?"

डॉक्टर हसले, मग हसायचे थांबले. "तिसऱ्यांदा करता येईल. पण टिकेलच असं नाही सांगता येत."

"राहू द्या," काका म्हणाले. "रफूवर रफू करताना मीही कुणाला शब्द देत नाही."

दुकानात परतल्यावर बायकोने खुंटीवरचे रफू व्हायचे राहिलेले कपडे उतरवले आणि ज्याचे त्याला पोचवायला पिशवीत भरले. काका सुया डबीत लावत बसले होते. डोळा वाहत होता, पुसायची गरज आता उरली नव्हती.

"दुकान का बंद, असं कुणी विचारलं तर काय सांगू?"

"डोळे आलेत म्हण."

"अहो, ते आठवड्यात बरे होतात."

"म्हणून तर तेच सांग."